कॅमेऱ्याची सोयरीक

तुळशीचं लग्न जवळ आलं की आपल्या भागातले हॉल भरायला लागतात आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पोराला कॅमेरा घ्यायचाय, नवा परवडत नाही. जुना घेतला तर चालंल का हो?" यंदा दसऱ्याच्या आसपास हा प्रश्न मला तीन घरांतून आला. एक शहापूरचं, एक संकेश्वरचं आणि तिसरं खुद्द माझं माहेर, निपाणी. पहिल्या दोघांना फोनवर जमेल तेवढं सांगितलं. माहेरच्यांना फोनवर सांगून भागण्यासारखं नव्हतं, कारण त्यात दोन गोष्टी अडकलेल्या होत्या.

पहिली म्हणजे भाच्याचा पोटापाण्याचा प्रश्न. पोरगा तीन वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत राबला. आता त्याला स्वतःच्या नावावर लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. दुसरी गोष्ट आमच्या जुन्या घराची. ते घर विकायचं ठरलंय, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांची कागदपत्रं आहेत. मोडीतले खरेदीखताचे कागद, तंबाखूच्या वखारीच्या पावत्या, कापडावर डकवलेला शेताचा नकाशा आणि शंभरेक फोटो. मूळ कागद थोरल्या भावाकडे राहणार. पण धाकटा भाऊ आहे, मी आहे, हुबळीला दिलेली बहीण आहे. सगळ्यांना चांगल्या प्रती हव्यात. बहिणीची मुलं कन्नड शाळेत शिकलेली, त्यांना मोडी सोडाच, मराठी अक्षरही जपून वाचावं लागतं. पण आजोबांच्या सहीचा कागद त्यांनाही हवाय. यासाठी वहिनीने पिग्मीचे साठवलेले एक लाख पस्तीस हजार काढले. एवढीच रक्कम, आणि ती दुसऱ्यांदा निघणारी नव्हती.

मी पस्तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे भिंगाची भीती मला वाटत नाही, भीती वाटते ती 'मेगापिक्सेल' या शब्दाची. हा शब्द दुकानदाराच्या तोंडी आला की गिऱ्हाईक पाकीट उघडतं.

आधी थोडा हिशेब करू. २४ मेगापिक्सेल म्हणजे फोटोच्या लांबीत ६००० ठिपके आणि उंचीत ४०००. उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे २० बाय १३ इंचाचा फोटो झाला, ए-थ्री कागदापेक्षा मोठा. ४२ मेगापिक्सेलचा फोटो ७९५२ बाय ५३०४ ठिपक्यांचा, तो २६ बाय १७ इंचापर्यंत जातो. आता लग्नाचा अल्बम बघा. बारा बाय छत्तीसच्या उघड्या पानावर चार-सहा फोटो असतात, त्यातला सगळ्यात मोठाही वीस इंचाचा क्वचितच असतो. शिवाय ४२ मेगापिक्सेलची न दाबलेली रॉ फाईल ऐंशी एमबीच्या घरात जाते. एका लग्नात हजार फोटो काढले की ऐंशी जीबी! पोराचा घरचा कॉम्प्युटर त्या ओझ्याखाली आडवाच होणार. म्हणून शहापूरच्या बाईंना मी स्पष्ट सांगितलं, मुलगा फक्त लग्नं करणार असेल तर २४ मेगापिक्सेलची बॉडी घ्या, उदाहरणार्थ २०१८ची सोनी ए७-३, आणि उरलेले पैसे लेन्समध्ये घाला.

मग जास्त मेगापिक्सेल कुठे लागतात? आमच्या ट्रंकेपाशी. ए-फोर कागदाचा फोटो २४ मेगापिक्सेलवर काढला तरी इंचाला पावणेपाचशेच्या वर ठिपके मिळतात, ते पुष्कळ झाले. पण शेताचा नकाशा ए-टू एवढा मोठा आहे. तो एका फोटोत घ्यायचा तर २४ मेगापिक्सेलवर इंचाला जेमतेम २४० पडतात, ४२ वर ३२० पडतात. नकाशावरचे गट नंबर मुंगीच्या पायाएवढे. तिथे हा फरक दिसतो. भाच्याचं म्हणणं, दोन्ही कामांना एकच कॅमेरा घ्यायचा. पैसेच एका कॅमेऱ्याचे होते, तेव्हा वादाचा प्रश्न नव्हता.

अशा बॉडी जुन्या बाजारात मिळतात त्याला कारण आहे. आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस, पूर्ण फ्रेमचे जास्त ठिपक्यांचे कॅमेरे सोनीने २०१३ साली ए७आरपासून आणले, ३६ मेगापिक्सेलचे. २०१५ला ए७आर-२ आणि २०१७ला ए७आर-३ आला, दोन्ही ४२चे. २०१८ला निकॉनचा झेड-७ आला, ४५ मेगापिक्सेलचा, आणि त्याच वर्षी कॅननही या वाटेला लागली. २०१९ला सोनी ६१वर गेली, २०२०ला कॅननचा ४५ मेगापिक्सेलचा आर-५ आला. मोठे फोटोग्राफर दर दोन-तीन वर्षांनी नवं घेतात आणि जुनं सोडतात. ते सोडलेलं आपल्यापर्यंत येतं. आपल्याकडे जुन्या यंत्राला कमी लेखायची पद्धत नाहीच म्हणा. पलीकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या कारागिरांसह स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली.

आता यातलं कुठलं घ्यायचं? ए७आर-२ स्वस्त मिळतो, पण त्याची बॅटरी लहान. कंपनीच्याच मोजणीने २९० फोटो. आणि कार्ड एकच बसतं. झेड-७ चेही तसंच, कार्ड एक, तेही महागड्या जातीचं. लग्नात कार्ड बिघडलं तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. ए७आर-३ मध्ये दोन कार्डं बसतात, दोन्हीवर एकदमच फोटो उतरतो, आणि बॅटरी साडेसहाशेपर्यंत जाते. मेगापिक्सेल तेवढेच. माझ्या मते लग्नाचं काम करणाऱ्याने ही दोन कार्डांची गोष्ट मेगापिक्सेलच्या आधी बघावी.

एवढं ठरतंय तोवर धाकटा भाऊ मध्ये पडला. त्याच्याकडे २००८ सालचा निकॉन डी-९० आहे, दोन लेन्ससकट. "माझ्या लेन्सा आहेत की घरात! निकॉनचीच बॉडी घे, मध्ये अॅडॉप्टर लाव. लेन्सचे पैसे वाचतील."

सोयरीक म्हणतात ती इथे आली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे धातूचं कडं असतं त्याला माउंट म्हणतात, आणि प्रत्येक कंपनीचं कडं वेगळं. नुसतं बसणं महत्त्वाचं नाही, लेन्सचा बुडखा सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावरच असावा लागतो. जुन्या निकॉनमध्ये हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर, कारण मध्ये आरसा वरखाली हलायचा. आरसा गेला तसं अंतरही घटलं. सोनीचं १८, निकॉन झेडचं १६, कॅनन आर-चं २०. त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवायला मध्ये जागा उरते, तिथे अॅडॉप्टरची नळी येते. उलट मात्र होत नाही. मिररलेसची लेन्स जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. सून सासरी येते, सासर उठून सुनेकडे जात नाही, तसलाच प्रकार.

आता भावाच्या दोन लेन्स. एक ५० मिमी, एफ-१.८, 'डी' जातीची. हिच्या पोटात फोकसची मोटर नाही. डी-९०च्या बॉडीत मोटर होती, ती स्क्रूने लेन्स फिरवायची. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही, म्हणजे झेड-७वर फोकस हाताने करायचा. नवरी अक्षता टाकतेय आणि पोरगा कडं फिरवतोय! दुसरी १८-१०५. हिच्यात मोटर आहे, फोकस चालतो. पण ती लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. ती लावली की झेड-७ आपोआप मधलाच भाग वापरतो आणि ४५चे उरतात १९ मेगापिक्सेल. हे सगळ्या कंपन्यांत घडतं. सोनीच्या ४२वर लहान सेन्सरची लेन्स लावली तर १८ उरतात, कॅनन आर-५वर १७. फुकटची लेन्स लावून आपण पंचेचाळीसचे पैसे मोजतो आणि एकोणीस घरी आणतो. म्हणून जुनी लेन्स घेताना 'बसते का?' एवढंच विचारू नका. पूर्ण फ्रेमची आहे का, आणि फोकस स्वतः करते का, हेही विचारा.

अॅडॉप्टर वाईटच असतो असं नाही. आमच्या वहिनीची आई हुबळीची, तिला मराठी येत नाही, माझ्या आईला कन्नड बेताचं. मध्ये वहिनी बसते. दोघी म्हाताऱ्या निवांत पान जमवत बसल्या असतील तर वहिनीचं भाषांतर चोख चालतं. पण लग्नघरात दोघी एकदम रुसल्या की वहिनीचं "थांबा, त्या काय म्हणतात ऐका" होईपर्यंत एक उठून गेलेली असते. अॅडॉप्टरचं तसंच. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स कॅननच्याच अॅडॉप्टरने आर-वर छान चालतात, कारण ते एकाच घरचे. कॅननची लेन्स सोनीवर लावली तर चालते, पण पळत्या वरातीत मागे पडू शकते. कागद मात्र पळत नाही. कागदाच्या कामाला हाताने फोकस करायची साठ वर्षांपूर्वीची लेन्सही उत्तम.

यातूनच आमचा निर्णय झाला. लग्नासाठी एक लेन्स त्याच माउंटची, फोकस झटपट करणारी घ्यायची. टॅमरॉनची २८-७५, एफ-२.८, २०१८ साली सोनीसाठीच निघालेली. वजन साडेपाचशे ग्रॅम, दिवसभर गळ्यात घालून पोराची मान धरणार नाही. आणि कागदांसाठी निकॉनची जुनी हातफोकसची ५५ मिमी मायक्रो, साध्या नळीच्या अॅडॉप्टरवर. निकॉनची ही मायक्रो घराण्याची लेन्स १९५६ साली जपानात निघाली ती मायक्रोफिल्मवर कागद उतरवण्यासाठीच. जपानी अक्षरांच्या बारीक फराट्यांपुढे साध्या लेन्स कमी पडायच्या. फराट्यांच्या बाबतीत आपली मोडीही काही कमी नाही!

पैशाची वाटणी करताना माझा आग्रह होता, बॉडीवर निम्म्याच्या थोडं वर, त्याहून जास्त नाही. बॉडीची किंमत दरवर्षी उतरते, चांगली लेन्स किंमत धरून राहते. आणि ४२ मेगापिक्सेलसमोर स्वस्त लेन्स ठेवली तर तिचे दोष बेचाळीस मेगापिक्सेलमध्ये दिसतात, एवढाच काय तो फायदा.

पहिली बॉडी बघायला हुबळीला गेलो. स्टुडिओवाला गोड बोलणारा, किंमतही कमी. पण लेन्स बसण्याच्या कड्यावर चरे, स्क्रूची तोंडं घासलेली. म्हणजे कुणीतरी उघडून बसवलेलं. मी विचारलं, "बिल ऐतेन्री?"

"इल्लरी. नम्म दोस्त दुबईंद तंदिद्द."

दोस्ताने दुबईहून आणलेल्या मालाला बिल नाही, इथली वॉरंटी नाही, आणि उद्या चोरीचा निघाला तर पोलीस आपल्या दारात. भाचा खुणावत होता, "आत्या, वीस हजारांनी स्वस्त आहे." चहा पिऊन उठलो.

दुसरी कोल्हापुरात मिळाली. मालक नवं मॉडेल घेतलेला, खोकं आणि बिल सगळं जागेवर, खोक्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळणारा. शटर पासष्ट हजार वेळा उघडलेलं. या मॉडेलचं शटर पाच लाखांच्या चाचणीचं आहे असं कंपनी सांगते, झेड-७चं दोन लाखांचं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. धुळीत काढलेले वीस हजार हॉलमध्ये काढलेल्या साठ हजारांपेक्षा वाईट असू शकतात. आम्ही आमचंच कार्ड आणि आमचाच लॅपटॉप नेला होता. पांढऱ्या भिंतीचा एफ-१६वर फोटो काढला, सेन्सरवर डाग असला तर काळा ठिपका उमटतो. झाकण लावून लांब वेळेचा एक काढला, त्यात बिघडलेले ठिपके चमकतात. दोन्ही कार्डांच्या जागा, फ्लॅश बसायची पट्टी, मागचा पडदा, सगळं वापरून पाहिलं. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून चारी कोपरे तपासले. एक कोपरा मऊ आणि बाकी तीन धारदार असतील तर लेन्स कधीतरी पडलेली असते.

मी मुद्दाम इरकली नेसून गेले होते. या बॉडीत ठिपक्यांपुढची गाळणी काढून टाकलेली आहे, त्यामुळे धार वाढते, पण बारीक विणीच्या कापडावर कधीकधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटतात. आमच्या पाच फोटोंपैकी एकात पदराच्या वरच्या चौकटीवर त्या आल्याच. मालकाला वाटलं आता सौदा फिसकटणार. पण हा दोष त्या नगाचा नव्हे, जातीचा आहे. दोन पावलं पुढेमागे झालं की जातो. आपल्याकडे लग्नात इरकली नेसलेल्या दहा बायका तरी असतातच, तेव्हा पोराला हे आधीच माहीत असलेलं बरं.

लेन्स बघताना मोबाईलचा टॉर्च मागून आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. बेळगावच्या पावसात चार महिने कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती लागायला वेळ लागत नाही, आणि कातडी पेटीत तर हमखास. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून घ्या, पुन्हा कामाला येतात. त्या ५५ मिमीच्या लेन्समध्ये आणखी एक खोड असते, आतल्या पात्यांवर तेल उतरतं आणि पाती सुस्त होतात. कडं फिरवून पाती टचकन हलतात का बघायचं. पहिली आली ती सुस्त निघाली, परत पाठवली. दुसरी चांगली.

निपाणीकरांना एक वेगळी सूचना. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो. तंबाखूच्या वखारीत, मळणीच्या खळ्यावर लेन्स बदलू नका. बदलायचीच तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून.

कागदांचं काम चार दिवस चाललं. जेवणाचं टेबल, दोन्ही बाजूंना तिरपे दोन सारखे दिवे, कॅमेरा वरून सरळ खाली, एफ-८, आणि बटणाला हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. नकाशातले गट नंबर स्वच्छ आले. हुबळीच्या बहिणीने फाईल मोबाईलवर मोठी करून धाकट्याला वाचून दाखवली, आकडे मराठीत आणि स्पष्टीकरण कन्नडमध्ये.

आणि मग तो फोटो निघाला. १९८१चं तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या मागून शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर बसले होते, ते दिवस. शेवटी गोळीबार झाला आणि माणसं गेली. त्याच्या आधीचा हा फोटो. आमचे वडील त्या गर्दीत होते हे घरात सगळे सांगतात, पण पोस्टकार्डाएवढ्या फोटोत चेहरे मोहरीएवढे. भाच्याने ४२ मेगापिक्सेल लावून उतरवला आणि मोठा केला. मोहरीचा वाटाणा झाला, चेहरा झाला नाही. कागदावर जे उतरलंच नाही ते कॅमेरा कुठून आणणार?

त्याच लिफाफ्यात खाली निगेटिव्हची पट्टी होती. ३५ मिमीची निगेटिव्ह ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण फ्रेमच्या सेन्सरएवढीच. ती मूळ मापात उतरवली तर सगळेच्या सगळे ठिपके तिच्यावर पडतात. ५५ मिमीची लेन्स एकटी निम्म्या मापापर्यंत जाते, साडेसत्तावीस मिलिमीटरची जादा नळी लावली की पूर्ण मापावर येते. भाच्याने ती नळी मागवली. खाली एलईडीचा दिवा, त्यावर दुधी काच, वर निगेटिव्ह. कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं आणि कुणी काही बोललं नाही.

आईला आमच्या घरात सगळी नातवंडं 'अज्जी' म्हणतात. तिला खुर्चीवर बसवून पडद्यासमोर आणलं. तिने आधी वडिलांकडे पाहिलंच नाही. डावीकडून सुरू केलं, बोट टेकवत टेकवत, याचं नाव, त्याचं गाव, याची बायको माझ्याबरोबर विडीला यायची. अकरा नावं सांगितली. वडील आठवे होते, डोक्यावर टॉवेल, तोंड अर्धं वळलेलं. तिथे तिचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग ती पुढे गेली.

बाराव्याला ती अडली. पागोटं, हातात पितळी तांब्या, वडिलांच्या खांद्यावर दुसरा हात. इतक्या सलगीने खांद्यावर हात ठेवणारा माणूस, आणि घरात कुणालाच ठाऊक नाही. हुबळीला फाईल पाठवली, तिथेही नाही. भाच्याचं पहिलं लग्न याच महिन्यात आहे, ते झालं की तो फोटोची मोठी प्रत घेऊन अक्कोळ आणि सौंदलग्याच्या त्या वयाच्या माणसांकडे जाणार आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी त्या आंदोलनातलं माणूस असेल तर साप्ताहिकाच्या कार्यालयात कळवा, एक प्रत तुमच्याकडेही पाठवू.